शुक्र आणि मंगळ कार्बन डायऑक्साइडने भरलेले, मग पृथ्वीच्या हवेत तो इतका कमी का?

तुमची शंका रास्त आहे. शुक्राच्या हवेत ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड, मंगळाच्या हवेत ९५ टक्के, आणि मधल्या पृथ्वीवर जेमतेम ०.०४. आपल्या वाट्याचा गेला कुठे?

कुठेच गेला नाही, दगडात आहे. शहाबादी फरशीचा तुटका तुकडा मिळाला तर खिळ्याने थोडा खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबू पिळा. (बसवलेल्या फरशीवर नको, डाग पडतो.) रसात बारीक बुडबुडे येताना दिसतील. तोच कार्बन डायऑक्साइड! शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेत असलेला वायू त्यात अडकून पडलाय. मी हे पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा कितीतरी वेळ त्या बुडबुड्यांकडेच बघत बसलो होतो.

हे काम पाण्याचं. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळतो, पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक झिजवतं. सुटलेलं कॅल्शियम नद्यांबरोबर समुद्रात जातं, तिथे शिंपल्यांतून, प्रवाळांतून, गाळातून चुनखडी तयार होते. आपला सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, ग्रॅनाइटपेक्षा लवकर झिजतो, त्यात पाऊस धो धो. त्यामुळे हवेतला हा वायू ओढून घेण्यात त्याचा हातभार मोठा आहे. ज्वालामुखी त्यातला काही वायू पुन्हा हवेत सोडतात, म्हणून तो पार संपत नाही.

शुक्रावर पाणीच उरलं नाही, त्यामुळे सगळा वायू हवेतच राहिला. पृथ्वीच्या खडकांत अडकलेला कार्बन मोकळा केला, तर साधारण शुक्राइतकाच भरेल.

आता टक्केवारीबद्दल, कारण तिथेच गफलत होते. शुक्रावर हवेचा दाब आपल्या नव्वदपट, मंगळावर आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. मंगळाचे ९५ टक्के म्हणजे विरळ हवेतले ९५ टक्के. त्याचं गुरुत्व कमी, चुंबकीय कवच नाही, बरीचशी हवा अवकाशात निसटून गेली. उलट शुक्रावर नायट्रोजन फक्त साडेतीन टक्के, तरी एकूण वजनात तो आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ तिप्पट आहे! आपल्याकडे कार्बन डायऑक्साइड दगडात गेला, नायट्रोजन तसा फारसा अडकत नाही, म्हणून तो ७८ टक्के दिसतो.

राहिला २१ टक्के ऑक्सिजन. तो आधी समुद्रातल्या सूक्ष्मजीवांनी आणि फार नंतर झाडांनी सूर्यप्रकाशावर बनवला. दोन्ही शेजाऱ्यांकडे तो नावापुरताच आहे.