थायरॉईडच्या गोळीवर ताप आला तर?

प्रश्न: वय ३१. दोन महिन्यांपूर्वी हायपरथायरॉईड निघालं, निओमर्काझोल चालू आहे. मागच्या आठवड्यात घसा दुखून ताप आला, घरी सगळे म्हणाले व्हायरल आहे, क्रोसिन घेतली आणि उतरला. पण केमिस्ट म्हणाला, या गोळीवर ताप आला तर अंगावर काढू नका. सासूबाई म्हणतात, मी बारा वर्षं थायरॉईडची गोळी घेतेय, ताप आला म्हणून काय कोणी रक्त तपासतं का! खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर: केमिस्टचं बरोबर आहे. सासूबाईंची गोळी बहुतेक थायरॉक्सिनची असणार, म्हणजे कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी, आणि तुमची जास्त झालेलं हार्मोन कमी करणारी, तेव्हा त्यांचा अनुभव इथे लागू नाही (आणि एकमेकींच्या गोळ्या तर चुकूनही नको). तुमच्या गोळीतलं कार्बिमाझोल हजारातल्या दोन ते पाच जणांच्या रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आणतं, बहुतेक वेळा पहिल्या तीन महिन्यांतच, म्हणजे तुम्ही अजून त्याच काळात आहात. अशा वेळी साधा वाटणारा घसासुद्धा जिवावर बेतू शकतो. म्हणून ताप, घसादुखी, तोंडात फोड यातलं काहीही झालं की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजणारी तपासणी) करायचा, रविवार असला तरी, आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा. पेशी ठीक निघाल्या तर गोळी परत चालू होते. मागच्या महिन्यातला सीबीसी नॉर्मल होता म्हणून निवांत राहू नका, पेशी दोन-चार दिवसांतही घसरतात. तेव्हा मागच्या आठवड्यातल्या तापाचंही आत्ताच डॉक्टरांच्या कानावर घाला, सीबीसी करून घ्या.

डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद व्हायला लागली तरी हेच, गोळी थांबवून लगेच दाखवायचं, लिव्हरची तपासणी लागते. नुसती खाज किंवा थोडं पुरळ असेल तर घाबरायचं कारण नाही, पण सांगा.

बाळाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण पहिल्या काही आठवड्यांत या गोळीने बाळात दोष येऊ शकतो आणि तेव्हा बऱ्याचदा दुसरी गोळी देतात. दिवस गेले असं वाटलं तरी त्याच दिवशी फोन करा, आपल्या मनाने बंद करू नका, कारण न सावरलेला थायरॉईडही बाळाला बाधतो.

आणि हो, केस गळतात म्हणून बायोटिन चालू केलं असेल तर थायरॉईडच्या टेस्टच्या आधी दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर काही लॅबमध्ये थायरॉईड आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि उगाच डोस वाढतो.