कंपनीचा आयटी विभाग किती परिपक्व आहे, हे कसं ओळखायचं?
रूढ मोजपट्टी म्हणजे सीएमएमआय (कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल इंटिग्रेशन), म्हणजे कामाच्या पद्धती किती पक्क्या आहेत हे पायऱ्यांनी मोजणारी चौकट. मूळ कार्नेगी मेलन विद्यापीठातली, २०१६पासून आयसाका या आयटी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे. पायऱ्या पाच: पहिलीवर सगळं एखाद्या हुशार माणसाच्या जिवावर चालतं, तिसरीवर कामाची पद्धत कंपनीभर लिहून ठरलेली असते, पाचवीवर आकडे बघून ती सतत सुधारली जाते.

पण नुसत्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. मी सरळ विचारतो, 'बॅकअपमधून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलंत?' बॅकअप रोज घेतो म्हणणारे पुष्कळ. रिस्टोअरची तारीख विचारली की एकमेकांकडे बघायला लागतात. आणि सर्व्हरचे पासवर्ड ज्याला माहीत, तो गणपतीला गावी गेला तर काम अडतं का? अडत असेल तर पायरी पहिलीच समजा. तिकिटांच्या, म्हणजे आयटीकडे आलेल्या तक्रारी-विनंत्यांच्या नोंदी, बदलांना मंजुरी वगैरे त्यानंतर तपासा.