टँकरमधली काठी

'सरपंच होऊन आठ महिने झाले. ग्रामसभेत बोलायला उभी राहिले की हात थरथरतात, घशाला कोरड पडते. १५ ऑगस्टला तर अर्ध्यातच खाली बसले. एरवी मी गप्प बसणारी नाही. मे महिन्यात टँकर अर्धाच भरून आला तेव्हा ड्रायव्हरला झाकण उघडायला लावून, आत काठी घालून पाणी मोजलं होतं. भाषण आमचे हे छान लिहून देतात, मी रात्रभर पाठ करते. माझ्यामुळे त्यांना खाली बघावं लागतं. भीती कशी घालवू?'
– एक सरपंच

ताई, प्राणायाम, आरसा वगैरे मी काही सांगणार नाही. मी अडकलेय ती 'हे छान लिहून देतात' इथं. नमुना म्हणून पहिली ओळ पाठवलीत तीही वाचली: 'ग्रामविकासाच्या या महायज्ञात आपण सारे समिधा होऊ या.' खरं सांगा, समिधा हा शब्द जन्मात कधी तोंडातून निघालाय तुमच्या? उसन्या ओळी विसरण्याची धास्ती वाटणारच. त्यात हातात कागद. बोट जरा हललं की तो फडफडतो आणि सगळ्या गावाला दिसतो.

यजमानांना खाली बघावं लागतं? बघू देत. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना मिळाल्या, त्या काही नवऱ्याचं हस्ताक्षर वाचून दाखवायला नाही. ते प्रेमानं लिहीत असतील, पण मला त्याचं कौतुक नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत तिथं नुसतं रजिस्टर सह्यांना फिरतं. तुम्ही ती खरोखर भरवा. कागद घरी ठेवा, काठी घेऊन जा, आणि टँकरची हकिगत सांगा: पाणी कुठवर होतं, ड्रायव्हर काय म्हणाला, तुम्ही काय सुनावलंत. मग येत्या उन्हाळ्यात काय करायचं ते बायकांना विचारा. हात थरथरतील, थरथरू देत, काठी धरलेलीच असेल. ग्रामसभेत हेच सांगायचं, याच शब्दांत, शिवीचा भाग तेवढा गाळून.

महिलांच्या सभेत यजमान नसतील, ते बरंच. ग्रामसभेला येतील तेव्हा त्यांना लोकांत बसवा. काही सुचवायचं असलं तर हात वर करतील. अध्यक्ष तुम्ही आहात, बोलायला सांगायचं की नाही ते बघा.