ट्रायलसाठी लॅबच्या नॉर्मल रेंज मागितल्या आहेत. किटच्या पत्रकावरच्या पाठवल्या तर चालतील का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी तुमची लॅब आहे, जवळच्या हॉस्पिटलात परदेशी कंपनीच्या औषधाची ट्रायल येतेय, आणि तिथल्या कोऑर्डिनेटरने सही-शिक्का-तारखेसह नॉर्मल रेंजचा कागद मागितलाय. किटमधल्या पत्रकावरचे आकडे टाइप करून दिले तर चालेल का, आणि रिपोर्टवर रेंज छापलेली असताना हा वेगळा कागद कशाला?

दिले तर कदाचित कोणी अडवणारही नाही. तरीही पडताळून पाहिल्याशिवाय सही करू नका, भाऊ. मी वर्धा जिल्ह्यात बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करतो, ट्रायलची सँपलं आमच्याकडे येतात, म्हणून एवढं ठासून सांगतोय.

आधी कागदाचं. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या, म्हणजे ट्रायल कशी चालवायची याच्या नियमांत ट्रायल सुरू होण्याआधी फाइलला लागलीच पाहिजेत अशा कागदांची यादी आहे, त्यात लॅबच्या नॉर्मल रेंज येतात. कारण साधं आहे. रुग्णाला औषधाचा त्रास झाला की नाही, हे बऱ्याचदा तुमच्या रेंजच्या वरच्या किंवा खालच्या टोकावरून मोजतात. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये वापरतात त्या सीटीसीएई या दुष्परिणामांची तीव्रता ठरवायच्या तक्त्यात एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) वरच्या मर्यादेच्या तिपटीपर्यंत ग्रेड १, त्यापुढे ग्रेड २. आता एका लॅबची वरची मर्यादा ४० आणि दुसरीची ५६ असेल, तर तिप्पट कुठे १२० होते, कुठे १६८. रुग्णाचा रिपोर्ट १४० आला, तर एकीकडे ग्रेड २ आणि दुसरीकडे ग्रेड १. औषध तेच, लिव्हर तेच. तुमच्या कागदावरचा एक आकडा एवढा फरक पाडतो.

तो आकडा येतो कुठून? निरोगी माणसं घ्यायची, त्यांची तपासणी करायची, मधले ९५ टक्के ठेवायचे आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडायचे. म्हणजे धडधाकट माणसांपैकीही ५ टक्के रेंजबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. आणि पत्रकावरची ही निरोगी माणसं बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेतली असतात. पत्रक शेवटपर्यंत वाचून पाहा, प्रत्येक लॅबने स्वतःची रेंज ठरवावी असं किट बनवणारेच त्यात बारीक अक्षरात लिहितात.

परकी रेंज लावली की काय होतं, ते आफ्रिकेत नीट मोजलं गेलंय. केनिया, युगांडा, रवांडा आणि झांबियातल्या निरोगी प्रौढांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये छापून आला. तिथल्या लोकांच्या पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल अमेरिकन रेंजपेक्षा कमी आणि इओसिनोफिल जास्त निघाले. अमेरिकन आकडे लावले असते तर ठणठणीत माणसं स्क्रीनिंगमध्येच, म्हणजे ट्रायलमध्ये घेण्याआधीच्या तपासणीतच बाद झाली असती, किंवा औषध न घेताच त्यांच्या नावावर दुष्परिणाम लागला असता.

आपल्याकडची कारणं वेगळी आहेत. पूर्व विदर्भात हत्तीपाय आहे, पोटात जंत आहेत, त्यामुळे इओसिनोफिल वर गेलेले नेहमी दिसतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे सिकलसेल आहे, थॅलेसेमियाचे वाहकही आहेत. थॅलेसेमियाच्या वाहकांचा एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) कमी येतो आणि तो लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. सिकलसेल असलेल्यांचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) काही मशीनवर चुकीचा येतो. हाडकुळ्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी असतं, त्यामुळे किडनी आहे त्यापेक्षा चांगली भासते.

आणि मजुरी. सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आमच्याकडे एक जण स्क्रीनिंगला आला होता. एसजीओटी (हे लिव्हरमध्येही असतं आणि स्नायूंतही) ८० च्या वर, एसजीपीटी आणि बिलिरुबिन नॉर्मल. लिव्हर खराब म्हणून नाव कापायचंच बाकी होतं. मी त्याचे हात पाहिले, विचारलं, तर आठवडाभर उक्त्यात सोंगणी चालू होती. त्याच सँपलवर सीपीके, म्हणजे स्नायूंची तपासणी, लावलं, ते हजाराच्या पुढे. म्हणजे एसजीओटी स्नायूंतून आलेलं होतं. आठवडाभर वावरात न जाता परत आला तेव्हा दोन्ही खाली आलेले. असं कोणतीही रेंज सांगणार नाही. रक्त घ्यायच्या आधी दोन दिवस काय काम केलं, हे विचारायची सवय मात्र तुमच्या माणसाला लावता येते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते. लोकल रेंज म्हणजे गावात जे सर्रास दिसतं ते, असं समजू नका. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांचं रक्त कमी आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणच सांगतं. लॅबमध्ये येतील त्या बाया घेऊन तुम्ही हिमोग्लोबिनची रेंज काढली, तर खालची मर्यादा १० च्याही खाली जाऊ शकते. मग साडेनऊवाली बाई तुमच्या कागदावर नॉर्मल ठरते. तिला ना गोळ्या मिळणार, ना ट्रायलच्या डॉक्टरला शंका येणार. तिची भूक, तिची बाळंतपणं, तिचे जंत, सगळं त्या रेंजमध्ये दडून जातं. याला मी लोकल रेंज म्हणणार नाही.

बरं, हिमोग्लोबिनसाठी डब्ल्यूएचओचा आकडा जसाच्या तसा लावणं हाही उपाय नाही. भारतातल्या १ ते १९ वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आला. त्यांनी लोह, बी१२, फोलेट कमी असलेली, अंगात सूज-संसर्ग असलेली, हिमोग्लोबिनचा दोष असलेली मुलं आधी बाजूला काढली आणि उरलेल्यांची मर्यादा काढली. ती डब्ल्यूएचओपेक्षा बऱ्याच वयोगटांत १ ते २ ग्रॅमने खाली आली. आधी गाळायचं आणि मग मोजायचं, हा क्रम महत्त्वाचा.

तुम्हाला एवढा मोठा अभ्यास करायची गरज नाही. स्वतःची रेंज नव्याने काढायची तर सीएलएसआय या लॅबचे मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रत्येक गटात निदान १२० माणसं लागतात, म्हणजे पुरुष १२०, बाया १२०. छोट्या लॅबला ते झेपत नाही. पण आहे ती रेंज आपल्या लोकांना लागू पडते का, हे पाहायला २० पुरतात. २० पैकी जास्तीत जास्त दोघे बाहेर गेले तर रेंज वापरा. तिघे किंवा जास्त गेले तर आणखी २० घ्या. तरीही तसंच आलं तर मशीन, कंट्रोल, सँपल घ्यायची पद्धत तपासा आणि स्पॉन्सरला, म्हणजे ट्रायल करणाऱ्या कंपनीला, लेखी कळवा.

हे २० निवडताना घाई नको. ताप, गरोदरपण, चालू औषधं, नेहमीची दारू असलेले नकोत. सिकलसेलसाठी सोल्युबिलिटी टेस्ट कराच. हिमोग्लोबिनसाठी फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि सोबत सीआरपी (सूज-संसर्गाची खूण) पाहा, कारण संसर्ग असला की फेरिटिन उगाच वर दिसतं. प्रत्येकाची संमती घ्या, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीला आधी विचारा. यात कोणाचं रक्त कमी निघालं तर त्याला यादीतून वगळून मोकळे होऊ नका, चिठ्ठी देऊन पीएचसीला पाठवा.

सँपलकडेही पाहा. मे महिन्यात गावातून एसटीने आलेली, सिरम वेगळं न केलेली ट्यूब असेल तर पोटॅशियम चुकीचं आणि साखर उतरलेली दिसणार, आणि दोष रेंजला लागणार. साखरेसाठी फ्लोराइडचीच ट्यूब वापरा.

कागदावर रेंजसोबत मशीन, पद्धत आणि एकक लिहा. क्रिएटिनिन जॅफे पद्धतीने केलं की एन्झायमॅटिक पद्धतीने, हे लिहाच. मशीन किंवा किट बदललं की नवा कागद नव्या तारखेने द्या, जुना फाइलला राहू द्या, कारण जुने रिपोर्ट जुन्याच रेंजने वाचायचे असतात. आणि या २० जणांच्या तपासण्यांचा खर्च तुमच्या खिशातून करू नका, करारावर सही करायच्या आधीच तो बजेटमध्ये घालायला सांगा. नंतर मागून मिळणं अवघड जातं.