मेलबर्नच्या एज्ड केअरमध्ये येण्याआधी

ताई म्हणून विचारलंस, तर जरा सविस्तरच लिहिते. तुझं बी.एस्सी. नर्सिंग झालंय, पुण्यात आयसीयूचा चार वर्षांचा अनुभव आहे आणि मेलबर्नच्या एका एज्ड केअर होमची, म्हणजे तिथल्या वृद्धांच्या निवासी देखभाल केंद्राची, ऑफर हातात आहे. कुणीतरी सांगितलं की तिथे आजी-आजोबाच एकमेकांवर हात उगारतात. ते खरं का, आणि हाताळायला शिकवतात का, हे तुला हवंय.

खरं आहे. नोंदणी, परीक्षा, व्हिसा हे एजंट सांगेल, याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आयसीयूतला पेशंट चार दिवसांनी वॉर्डात जातो. इथे अनोळखी माणसं वर्षानुवर्षं एका छताखाली राहतात आणि त्यातल्या कितीतरी जणांना डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश असतो. न्यूयॉर्क राज्यातल्या दहा नर्सिंग होम्सचा मार्क लॅक्स, कार्ल पिलेमर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये आला. दोन हजारांवर रहिवाशांपैकी सुमारे २० टक्के जण चार आठवड्यांत एकदा तरी अशा प्रसंगात सापडले होते. सगळ्यात जास्त होती ती शिवीगाळ.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी पाचच्या सुमारास एक बाई शेजारणीच्या खोलीत शिरल्या आणि खुर्चीवरचा निळा स्वेटर घालू लागल्या. शेजारणीने काठी हाणली, मनगट काळंनिळं झालं. मी दोघींना वेगळं केलं, बर्फ लावला आणि पाळी बदलताना हँडओव्हरला ‘थोडी कुरबुर झाली’ एवढंच सांगितलं. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, चालायचंच, हेच डोक्यात होतं. तीन दिवसांनी तीच वेळ, तीच खोली. या वेळी धक्का बसून त्या बाई पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मी पहिल्यांदाच नीट लिहिलं असतं, तर पाच वाजता त्या दारापाशी कुणीतरी असतं. आजही ते मनाला लागतं.

नंतर आम्हाला प्रशिक्षण मिळालं. त्यात न्यूयॉर्कचा तो अभ्यास करणाऱ्या कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींची ‘सर्च’ (SEARCH) ही सहा पायऱ्यांची पद्धत होती: लागलेल्याला आधार द्यायचा, दोघांनाही तपासायचं, तिथल्या तिथे उपाय करायचा, नोंदवायचं, केअर प्लॅन बदलायचा आणि पुन्हा घडू नये अशी सोय करायची. आपण पहिल्या तीन पायऱ्या आपसूक करतो. खरा कस शेवटच्या तीनमध्ये लागतो. त्या बाईंना सगळी दारं सारखीच दिसत होती! त्या हॉस्पिटलमधून परतल्यावर त्यांच्या दारावर त्यांच्या लग्नाचा मोठा फोटो लावला आणि साडेचारला घडी घालायला टॉवेल देऊ लागलो. फिरणं बरंच कमी झालं. कधी मुळाशी लघवीचा संसर्ग असतो, कधी न सांगता येणारं दुखणं, कधी टीव्हीचा कर्कश आवाज. चूक कुणाची हे शोधत बसलीस तर यातलं काहीच दिसणार नाही. आणि भांडण सोडवताना मागून कधीच धरू नकोस. समोर ये, नाव घे, आणि कर्मचाऱ्यांपैकी एकीनेच बोलायचं.

कायदाही कडक आहे. १ एप्रिल २०२१ पासून गंभीर प्रसंग २४ तासांत सरकारी आयोगाला कळवावा लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून बाकीचे नोंदवण्याजोगे ३० दिवसांत. पूर्वी स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशाने मारलं तर सक्तीच्या नोंदीतून सूट मिळायची, ती आता नाही. म्हणून इंग्रजीत नोंद लिहायचा सराव आत्तापासून कर. ‘आक्रमक झाल्या’ असं लिहू नकोस. कुठे, किती वाजता, आधी काय चाललं होतं, हे लिही.

व्हिसा येईपर्यंत नवी पेठेतल्या निवारामध्ये किंवा घराजवळच्या एखाद्या वृद्धाश्रमात परवानगी काढून चहाच्या वेळी बसत जा. कोण कुठल्या खुर्चीसाठी अडून बसतं, कोण कुणाला टाळतं, ते बघ.

आणि ऑफर स्वीकारण्याआधी मॅनेजरला दोन गोष्टी विचार: डिमेन्शिया विभागात संध्याकाळच्या पाळीला किती जण असतात, आणि प्रशिक्षणाच्या वेळेचा पगार मिळतो का. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी ऑफर बघ. आयसीयूचा अनुभव आहे तुझ्याकडे, घाई करू नकोस.