एचआर म्हणतं ‘समजुतीने मिटवा’. लैंगिक छळाची तक्रार नेमकी कुठे आणि कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईतल्या महापेच्या एका कंपनीत एजन्सीमार्फत कामाला आहात. टीम लीडर रात्री नको तसले मेसेज पाठवतो, ऑफिसच्या कॅबमध्ये खेटून बसतो. एचआरला भेटून सांगितलं तर ‘समजुतीने मिटवा’ असं उत्तर मिळालं. दोन महिने झालेत, आणि कंत्राटी असताना तक्रार करता येते का, ही शंका आहे.

करता येते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ म्हणजे कायम, रोजंदारी, शिकाऊ, कंत्राटदारामार्फत आलेली, सगळ्या. कंपनीने दिलेली कॅबही कामाच्या ठिकाणातच मोडते. त्यामुळे ‘ते ऑफिसबाहेर घडलं’ हे उत्तर कोणी दिलं तर मनावर घेऊ नका.

तुमची खरी अडचण तारखेची आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार व्हावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती (अशा तक्रारींसाठी कंपनीत असावी लागणारी अंतर्गत समिती) ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते, त्यापुढे नाही. एचआरशी झालेलं बोलणं या हिशेबात धरलं जाईल असं गृहीत धरू नका, कारण कायद्याला लेखी तक्रार लागते आणि ती समितीच्या नावाने लागते. बरेच जण समजतात की नंतर अप्रेझल पाडलं किंवा बदली केली की मुदत नव्याने सुरू होते. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यापीठाच्या प्रकरणात, नंतर झालेली प्रशासकीय कारवाई छळाचाच पुढचा भाग मानायला नकार दिला आणि सहा महिन्यांनंतर आलेली तक्रार मुदतबाह्य ठरवली. म्हणून याच आठवड्यात अर्ज द्या.

आता अर्ज. विषयाच्या ओळीत स्पष्ट लिहा: ‘कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई व निवारण) अधिनियम, २०१३ नुसार तक्रार’. नुसतं ‘गैरवर्तनाबाबत’ लिहिलंत की एचआर तो कागद शिस्तभंगाच्या फायलीत टाकून समितीपर्यंत पोचूच देत नाही. पत्ता ‘पीठासीन अधिकारी (म्हणजे समितीची प्रमुख), अंतर्गत समिती’ असा, आणि एचआरला फक्त प्रत. भाषेचं बंधन कायद्यात नाही, मराठीत लिहा. नियमाप्रमाणे सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. हाती दिलात तर एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या, शिवाय तोच अर्ज ईमेलनेही पाठवा. लिहिणं जमत नसेल तर लेखी अर्जासाठी मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

मजकुरात ‘तो त्रास देतो’, ‘वाईट नजरेने बघतो’ अशी वाक्यं कमकुवत पडतात. अमुक तारखेला, अमुक वाजता, कॅबच्या मागच्या सीटवर, त्याने हात कुठे ठेवला, काय शब्द वापरले, कोण होतं, तुम्ही काय केलंत, असं एकेक प्रसंगाने लिहा. तारीख आठवत नसेल तर ‘पगाराच्या आसपासचा आठवडा, रात्रपाळी’ एवढं चालेल. अंदाजाने ठोकून दिलेली तारीख मात्र हजेरीच्या नोंदीशी जुळली नाही की समोरचा त्याच एका गोष्टीवर सगळी तक्रार खोटी पाडायला बघतो. त्याचं वागणं तुम्हाला नको होतं हे कशावरून कळतं तेही लिहा. तोंडावर ‘नाही’ म्हटलंच पाहिजे असं नाही. उत्तर न देणं, जागा बदलणं, मैत्रिणीला सोबत घेणं, हेही सांगण्यासारखं आहे.

चॅटमधला तुमचा एखादा स्मायली किंवा ‘ओके सर’ लाजून पुसू नका. पूर्ण संभाषण द्या. अर्धवट स्क्रीनशॉट हाच बचावाचा आवडता मुद्दा असतो. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्या, चॅट एक्स्पोर्ट करून घ्या, मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नका, आणि हे सगळं झाल्यावरच त्याला ब्लॉक करा. कॅबची ट्रिपशीट, जीपीएसची नोंद आणि सीसीटीव्ही कंपनीकडे असतं. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ‘अमुक तारखांच्या नोंदी जपून ठेवाव्यात’ ही मागणी अर्जातच करा. कंपनीच्या गोपनीय फाइली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका, उलटा आरोप येतो.

समिती आहे का, हे कसं कळणार? दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात ती हवी, आणि तिची माहिती दर्शनी जागी लावलेली हवी. मुख्य कार्यालयाची समिती दाखवून शाखेचं काम भागत नाही. पीठासीन अधिकारी वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची. ही बाहेरची सदस्य नसेल तर चौकशीचा पायाच कच्चा राहतो, तेव्हा सदस्यांची नावं लेखी मागून घ्या. समितीच नेमलेली नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसं जिल्हा अधिकाऱ्याला (या कायद्याखाली जिल्ह्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला) कळवा आणि केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसांचं ठिकाण असेल (एपीएमसी बाजारातला गाळा, वाशीतलं क्लिनिक), तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. इथे नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते. महापे, ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, म्हणजे अलिबाग. बेलापूरच्या कोकण भवनात यांपैकी कोणतंही जिल्हाधिकारी कार्यालय नाही.

अर्जासोबत एका वेगळ्या कागदावर अंतरिम दिलासा, म्हणजे चौकशी चालू असतानाची तात्पुरती सोय, मागा. न मागता तो मिळत नाही. तुमची किंवा त्याची बदली, तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, आणि तुमच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये असा आदेश, हे मागता येतं. माझ्या मते त्याची पाळी आणि कॅब बदलून मागा. स्वतःची बदली मागितली की घरापासून लांबची जागा तुमच्याच माथी येते.

पुढचा क्रम असा: सात कामाच्या दिवसांत अर्जाची प्रत त्याला, दहा कामाच्या दिवसांत त्याचं उत्तर, ९० दिवसांत चौकशी पूर्ण, दहा दिवसांत अहवाल, आणि ६० दिवसांत कंपनीची कारवाई. समितीपुढे दोन्ही बाजूंना वकील आणता येत नाही. उलटतपासणीचे प्रश्न लेखी, समितीमार्फत यावेत, अशी विनंती करा. समेट कायद्यात आहे, पण तो फक्त तुम्ही मागितला तर, आणि त्यात पैशाचा व्यवहार नाही. एचआरचं ‘मिटवा’ म्हणजे तो समेट नव्हे. ‘सिद्ध झालं नाही तर तुझ्यावरच कारवाई’ ही धमकीही पोकळ आहे. निव्वळ पुरावा कमी पडला म्हणून कारवाई होत नाही. त्यासाठी हेतुपुरस्सर खोटेपणा स्वतंत्र चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

पोलिसांकडे जायला समितीच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. नको असलेला स्पर्श, लैंगिक मागणी किंवा शेरे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये येतात, नकार दिल्यावरही चालू राहिलेला पाठलाग किंवा मेसेज कलम ७८ मध्ये. घर ठाण्यात आणि घटना महापेत असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा) होतो, आणि अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने नोंदवायचा असतो. तक्रारीसाठी मदत करणं हे कंपनीचंही कायदेशीर काम आहे.

राजीनामा आत्ता देऊ नका. रागाच्या भरात दिलाच असेल तर नोकरीत असतानाच्या घटनांबद्दल मुदतीत तक्रार तरीही करता येते, फक्त राजीनाम्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं लिहू नका. समोरचा तेच पत्र समितीपुढे पहिल्यांदा काढतो.