सूत्रे कोणाच्या हाती असावीत?

प्रश्न : मी एका बेदाणा शीतगृहात सुरक्षा पर्यवेक्षक आहे. रासायनिक, जैविक किंवा किरणोत्सारी शस्त्रांचा हल्ला झाल्यास घटनास्थळाची सूत्रे कशी सांभाळावीत, या विषयावरील तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी माझे नाव गेले आहे. ‘आपल्याकडे असा हल्ला कोण करणार?’ असे सहकारी विचारतात. शिवाय पोलीस, अग्निशमन दल आणि डॉक्टर एकाच वेळी आले, तर ऐकायचे कोणाचे, हे मलाही उमगत नाही. – एक वाचक, तासगाव

उत्तर : आपल्या सहकाऱ्यांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर बहुधा आपल्या शीतगृहातच सापडेल. बहुतेक मोठ्या शीतगृहांत थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. तो रात्री गळू लागला, तर पहिल्या अर्ध्या तासात वारा कोणीकडून वाहतो ते पाहावे लागेल, माणसांना वाऱ्याच्या दिशेला आडव्या बाजूने वायूच्या वाटेतून बाहेर काढावे लागेल, संरक्षक साधनांशिवाय कोणालाही आत जाण्यापासून रोखावे लागेल आणि अंगावर रसायन उडालेल्यांना धुऊन मगच रुग्णवाहिकेत बसवावे लागेल. हल्ल्याच्या वेळीही सुरुवात याच कामांनी होते. वायू कोणी मुद्दाम सोडला की तो अपघाताने सुटला, याने श्वास कोंडलेल्या माणसाला काहीच फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन बाबतींत. हल्ल्याच्या जागी पुरावा जपावा लागतो, आणि मदतीला धावणाऱ्यांसाठी दुसरा स्फोटक सापळा लावलेला असू शकतो, म्हणून परिसर तपासल्याशिवाय गर्दी जमू द्यायची नसते.

आता सूत्रांविषयी. कॅलिफोर्नियात १९७० साली लागलेल्या भीषण वणव्यांत अनेक दले एकत्र आली, पण त्यांचे शब्द, हुकूम आणि वायरलेस एकमेकांशी जुळेनात. त्या अनुभवातून, सर्व दलांनी घटनास्थळी एकाच प्रमुखाच्या हाताखाली काम करण्याची पद्धत घडली. आपल्याकडे आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै २०१० मध्ये याच पद्धतीच्या, म्हणजे घटना प्रतिसाद प्रणालीच्या, मार्गदर्शक तत्त्वांची प्रसिद्धी केली. त्यांनुसार जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि घटनास्थळी एकच इन्सिडेंट कमांडर, म्हणजे घटनास्थळाचा प्रमुख, असतो. प्रत्यक्ष कारवाई, नियोजन आणि साधनसामग्री असे तीन विभाग त्याच्या हाताखाली काम करतात. एका अधिकाऱ्याच्या थेट देखरेखीखाली साधारण पाच माणसे असावीत आणि प्रत्येकाला आपला वरिष्ठ एकच आहे, हे ठाऊक असावे, एवढे दोन नियम पाळले तरी निम्मा गोंधळ टळतो. रुग्णावर कोणते उपचार करायचे, हे इन्सिडेंट कमांडर ठरवत नाही, ते डॉक्टरच ठरवतात. मात्र रुग्णवाहिका कोणत्या रस्त्याने येतील, कोठे थांबतील आणि धुण्याची जागा कोठे असेल, यावर एकाचाच शब्द चालला पाहिजे.

वरिष्ठ येईपर्यंत हा शब्द कोणाचा? तेथे प्रथम पोहोचलेल्या प्रशिक्षित माणसाचा, म्हणजे कदाचित आपलाच. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात आहे आणि अशा हल्ल्यांचे विशेष प्रशिक्षण तिला मिळालेले आहे, पण तिथून तासगावला पोहोचेपर्यंत काही तास जाणारच. त्या वेळात आपण घेतलेली सूत्रे पुढच्या अधिकाऱ्याला समोरासमोर सोपवावीत. काय घडले, किती माणसे आत आहेत, आतापर्यंत काय केले आणि काय उरले, हे सांगून त्या क्षणाची वेळ कागदावर लिहावी. ‘साहेब आले, आता ते बघतील’ असे म्हणत बाजूला सरकणे मी अनेक सरावांत पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी आत अडकलेल्यांची संख्या त्या क्षणी हरवलेली असते.

या रचनेत सुरक्षा अधिकारी असे एक पद असते. धोका दिसताच चालू काम जागच्या जागी थांबवण्याचा अधिकार त्याला असतो. त्याचे मोल सांगली जिल्ह्याला नव्याने समजावून सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळजवळ पुरातून माणसे बाहेर काढणारी बोटच उलटली आणि तिच्यातून सुटका होत असलेली माणसे बुडाली. प्रशिक्षणात पद निवडण्याची मुभा मिळाली, तर हेच मागून घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्न : मी मिरजेतील एका रुग्णालयात परिचारिका आहे. घटनास्थळी सगळे धुऊन, गंभीरतेनुसार वर्गवारी करून मगच रुग्ण आमच्याकडे येतील, असे आम्हाला सांगितले जाते. खरोखर तसे घडते का? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही, आणि त्या भरवशावर राहू नये. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा अतिविषारी रासायनिक पदार्थ सोडला गेला, तेव्हा पाच हजारांहून अधिक लोक रुग्णालयांत गेले. त्यांतले बहुसंख्य पायी किंवा मिळेल त्या वाहनाने, अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी पोहोचले. सेंट ल्यूक्स या एकाच रुग्णालयात त्या दिवशी ६४० रुग्ण आले आणि त्यांच्या कपड्यांतून निघणाऱ्या वाफेमुळे तेथील अनेक कर्मचाऱ्यांनाही त्रास झाला. आपल्याकडे लोक रिक्षाने आणि दुचाकीने येतील, एवढाच काय तो फरक.

म्हणून अपघात विभागाचे एकच दार उघडे ठेवून बाकीची बंद करावीत आणि दाराबाहेर पाण्याची सोय व कपडे बदलण्यासाठी आडोसा आधीच ठरवून ठेवावा. बाहेरचे कपडे उतरवले की अंगावरचे बरेचसे रसायन त्यांच्याबरोबरच जाते, उरलेले साबण-पाण्याने धुवावे. स्त्रियांसाठी आडोसा नसेल, तर त्या कपडे उतरवणार नाहीत आणि तशाच आत येतील, ही बाब सरावाच्या कागदांत सहसा नसते.

एका बाबतीत मात्र आपला भाग तयार आहे. सारिन हा सेंद्रिय फॉस्फरस गटातला, म्हणजे शेतातल्या काही कीटकनाशकांच्याच कुळातला. टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, तोंडातून गळणारी लाळ आणि धाप ही लक्षणे फवारणीतल्या विषबाधेमुळे आपण पाहिलेली असतील. अॅट्रोपिन आणि प्रालिडॉक्सिम, म्हणजे आपल्या वॉर्डातले ‘पॅम’, हेच उतारे तेथेही लागतात. प्रश्न साठ्याचा आहे. एका रुग्णाला पुरणारे अॅट्रोपिन शंभरांना पुरत नाही, त्यामुळे जिल्ह्यात ते कोणाकडे किती आहे, याची यादी नियोजन विभागाकडे आजच असावी.

आपल्या रुग्णालयात पुढचा सराव होईल तेव्हा एक प्रयोग सुचवा. मी एका ठिकाणी तो पाहिला आहे. रुग्ण झालेल्या स्वयंसेवकांच्या सदऱ्यांवर गव्हाचे पीठ चोळले होते. सराव संपल्यावर ते पीठ स्ट्रेचरच्या दांड्यांवर, केसपेपरवर, टेलिफोनच्या रिसीव्हरवर आणि कर्मचाऱ्यांच्या चहाच्या कपांच्या कानांवर सापडले. त्या संध्याकाळी वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरांनी धुण्याची जागा पायऱ्यांच्या वरून खाली अंगणात हलवली.